पणजोबांच्या पलीकडे: घराण्याचा माग कहाण्यांतून आणि कागदांतून

श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारावी लागतात, आणि बहुतेक घरांची स्मृतीही नेमकी तिथेच थांबते. पणजोबांचे नाव कोणीतरी सांगू शकते, त्यांच्या वडिलांचे मात्र कोणाला आठवत नाही. त्याच्या पलीकडे उरते ती एखादी कहाणी: आपण मूळचे अमुक गावचे, भाऊबंदकीत गाव सुटले, देव टोपलीत घालून पूर्वज घाट उतरले, त्यांच्यातला एक जण पानिपतावर पडला. ही कहाणी खरी मानावी की केवळ ऐकीव म्हणून सोडून द्यावी, असा प्रश्न घराण्याचा शोध घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकासमोर पहिल्याच दिवशी उभा राहतो. माझे मत असे आहे की या दोन्ही गोष्टी करू नयेत. कहाणी हा पुरावा नव्हे, पण कोणत्या गावाच्या आणि कोणत्या काळाच्या दप्तरात शिरायचे हे तिच्याखेरीज दुसरे कोणी सांगत नाही. उलट दप्तरातला कागदही आपण समजतो तितका निःपक्षपाती नसतो, कारण तोही कोणीतरी, कोणत्यातरी कामासाठी लिहून घेतलेला असतो.

हे सगळे एका उदाहरणावरून समजून घेणे सोपे जाईल, म्हणून एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी, या घराची थोडी शेती आहे. घराचे कुलदैवत मात्र माण तालुक्यातील म्हसवडचा सिद्धनाथ आहे आणि दरवर्षी मार्गशीर्षातल्या रथाला घरातले कोणीतरी जातेच. आजी सांगते, "पानिपतानंतर राघूबाबा माणदेशातून इकडे आले." देवघरात घोडेस्वाराचा एक चांदीचा टाक आहे आणि तो राघूबाबांच्याही आधीच्या कोणाचा तरी आहे, असे मानले जाते. एवढ्या सामग्रीवर काय करता येईल?

सर्वांत आधी कहाणी जशी आहे तशी उतरवून घ्यावी, आणि तीही घरातल्या एकाच व्यक्तीकडून नव्हे. थोरली आजी, चुलत आजोबा, दुसऱ्या गावी दिलेली आत्या, वेगळी झालेली भावकी या सर्वांना तीच गोष्ट वेगवेगळी विचारावी. ज्या गोष्टी सगळ्यांच्या सांगण्यात जशाच्या तशा येतात, त्या बहुधा जुन्या असतात. ज्या प्रत्येकाच्या तोंडी बदलतात, त्या नंतर जडलेल्या असतात. अनुभव असा आहे की गावाचे नाव, देवाचे नाव, देवक, कुळाचारातला एखादा वेगळा नियम आणि स्थलांतराचे कारण या गोष्टी टिकून राहतात, तर काळ आणि पराक्रम या दोन गोष्टी सर्वांत लवकर बदलतात. म्हणून आपल्या उदाहरणात 'म्हसवड' या शब्दावर भर द्यावा आणि 'पानिपत' हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा.

कुलदैवत हा तर माग काढण्याचा फार मोलाचा धागा आहे. माणसे गाव सोडतात, आडनाव बदलतात, धंदाही बदलतात, पण देव सहसा बदलत नाहीत, आणि म्हणून कुलदैवताचे ठाणे हे पुष्कळदा पूर्वजांच्या जुन्या वसतीच्या आसपास असते. अर्थात जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी किंवा कोल्हापूरची अंबाबाई यांसारखे दैवत असेल तर त्यावरून गाव ठरत नाही, कारण ही दैवते अर्ध्या महाराष्ट्राची आहेत; दैवत जितके लहान आणि स्थानिक, तितका त्याचा उपयोग अधिक. शिवाय कधी कधी देवच हललेला असतो. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे मोडायला आरंभ केला तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेण्यात आली. त्यामुळे ज्या घराण्यांची ही कुलदैवते आहेत त्यांनी आपले मूळ फोंड्याकडे नव्हे, तर मुरगाव आणि सासष्टीकडे शोधावे लागते.

काळ ठरवण्यासाठी सन विचारू नये, प्रसंग विचारावा. "तुमचा जन्म कधीचा?" या प्रश्नाला जुन्या पिढीतील माणसाकडून उत्तर मिळणे कठीण असते, आणि शाळेतील नोंद १ जून अशी असेल तर ती गुरुजींनी सोयीने घातलेली आहे असे समजायला हरकत नाही. परंतु "पानशेत फुटले तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?" असे विचारले की उत्तर ताबडतोब येते, आणि पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले हे आपल्याला ठाऊक असते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्याच्या मागे जायचे तर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आहे, जिला लोक मानमोडी म्हणत. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग आहे. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मध्ये पडलेला छप्पन्नचा दुष्काळ आहे. आणि त्याही आधीचा १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आहे. "आमची पणजी मानमोडीत गेली, तेव्हा आजोबा रांगत होते," या एका वाक्यातून दोन माणसांची साले जवळजवळ नक्की होतात.

आणखी एक गोष्ट कागदांकडे वळण्यापूर्वी समजून घेतली नाही तर पुढे मोठा घोटाळा होतो. आपल्याकडे गेलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे वंशावळीत राघू, बाबाजी, राघू, बाबाजी अशी नावे एकाआड एक येत राहतात, आणि सांगताना दोन राघू मिळून एकच राघू होतो. मधल्या दोन पिढ्या गळून पडतात किंवा एका राघूची करणी दुसऱ्याच्या नावावर चढते. पिढ्यांचा हिशेब म्हणूनच करून पाहावा. एका पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षे धरली, तर १७६१ पासून १९३० पर्यंत सहा-सात पिढ्या व्हायला हव्यात. घरात नावे चारच सांगितली जात असतील तर एक तर नावे गळली आहेत किंवा पानिपत तरी चुकीचे आहे.

सातबाऱ्यापासून मागे

आता कागद. येथे एकच नियम कसोशीने पाळावा, तो म्हणजे माहीत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जाणे. इतिहासातील एखादा सरदार पकडून त्याच्यापासून आपल्यापर्यंत खाली येण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या मार्गाने आडनाव सारखे असलेला कोणीही मनुष्य आपला पूर्वज ठरवता येतो. आडनाव हा तर सर्वांत कच्चा दुवा आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही हुद्द्यांवरून आलेली नावे असून ती गावोगावी स्वतंत्रपणे उगवलेली आहेत. 'कर' लागणारी नावे गावांवरून आलेली आहेत आणि एकाच गावातून बाहेर पडलेली, एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नसलेली, निरनिराळ्या जातींची आणि धर्मांचीही घरे ते नाव लावतात. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले अशी कथा सांगणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची आडनावेदेखील याच पद्धतीने कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. जुन्या कागदांत तर पुष्कळदा आडनाव नसतेच. माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि फार तर जात, एवढेच असते.

ज्या घराची शेती आहे त्याने सातबाऱ्यापासून सुरुवात करावी. उताऱ्यावर खातेदारांच्या नावांजवळ वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे क्रमांक असतात. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हे प्रत्येक बदलाचे कारण सांगणारे पुस्तक आहे: कोणी जमीन विकली, कोणी गहाण ठेवली, कोण मयत झाला आणि त्याला वारस कोण. यांतील वारसाचे फेरफार आपल्या कामाचे. "खातेदार बाबाजी राघू हे मयत, त्यांना वारस मुलगे दोन, त्यांपैकी धाकटा अज्ञान, सबब अ.पा.क. आई" अशा धर्तीची एक नोंद मिळाली की एका घासात दोन पिढ्या, मृत्यूचा अदमासे काळ आणि मुलांच्या वयाची कल्पना हाती येते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजेच वयात न आलेल्या वारसाचा पालक; ए.कु.मॅ. अशी अक्षरे दिसली तर ती एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची असतात आणि त्यांचा अर्थ असा की एका भावाचे नाव लागले असले तरी मागे आणखी भाऊ आहेत. एका फेरफारात त्याच्या आधीच्या फेरफाराचा धागा असतो, आणि असे करत करत मुंबई इलाख्यातील गावांत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोहोचता येते, कारण हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे.

वाटेत दोन अडचणी हमखास येतात. पहिली गट नंबरांची. १९४७ च्या कायद्याखाली पुढे गावोगाव जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे एकत्रीकरणाचा तक्ता मिळवून आपल्या गटाचा जुना सर्व्हे नंबर आधी काढून घ्यावा लागतो, नाहीतर मागचे सगळे उतारे परक्या जमिनीचे निघतात. दुसरी अडचण हद्दीची. आपल्या उदाहरणातले वाळवे आज सांगली जिल्ह्यात आहे, पण १९४९ पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते, नंतर दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. म्हणजे जुना कागद कोणत्या कचेरीच्या अभिलेख कक्षात असेल हे आजचा नकाशा पाहून कळत नाही. संस्थानी मुलूख असेल तर त्या संस्थानाची दप्तरे वेगळी. मराठवाड्यात निजामाच्या अमलातले कागद फारसी-उर्दूत असतात, आणि विदर्भात मध्य प्रांताच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताची पद्धत निराळी असल्याने तिथल्या नमुन्यांची नावेही निराळी आहेत.

ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा जमिनीचा कागद तुटलेला आहे, त्यांनी शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. गावातील जुन्या प्राथमिक शाळेत ते कपाटात असते आणि त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, दाखल झाल्याची तारीख अशी माहिती मिळते. तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही असते. तिच्यात जन्मलेल्या मुलाचे नाव पुष्कळदा लिहिलेले नसते. अमक्याला मुलगा झाला किंवा मुलगी झाली, एवढेच असते. त्यामुळे वडिलांच्या नावावरून आणि वर्षावरून हिशेब जुळवावा लागतो.

जातीच्या दाखल्यासाठी हेच कागद शोधणारे लोक महाराष्ट्रात फार आहेत, आणि त्यांच्यासाठी कायद्याने तारखा ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा एखादा पुरावा हाती आला की बहुतेकांचा शोध तिथेच संपतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर शाळांची, महसुलाची आणि जन्ममृत्यूची जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली आणि अनेक घरांना आपल्या खापरपणजोबांचे नाव त्या निमित्ताने पहिल्यांदा वाचायला मिळाले. कागदाची एकच ओळ काढून घेऊन बाकीचे पान तसेच मिटू नये, अशी माझी या सर्वांना विनंती आहे. त्याच पानावर भावकीतल्या इतरांच्या नोंदी असतात.

मोडी, बिन आणि अलफ

एकोणिसाव्या शतकात शिरले की अक्षर बदलते. सरकारी आणि खासगी लिखाण त्या काळी मोडीत होते आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते काही प्रमाणात चालू राहिले. मोडी शिकणे लोक समजतात तितके अवघड नाही, काही आठवड्यांच्या नेमाने अक्षरओळख होते. अवघड आहे ते जलद लिहिलेले वाचणे. ओळीची रेघ आधी ओढून घेऊन तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे लिहिली जात, शब्द तोडले जात नसत, विरामचिन्हे नसत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे. म्हणून वाचणाऱ्याला कागदाची भाषा आधीच परिचित असावी लागते. सुदैवाने ती भाषा ठरीव असते. 'बाबाजी बिन राघू' म्हणजे राघूचा मुलगा बाबाजी. 'वलद' हा शब्दही त्याच अर्थाचा. 'कोम' म्हणजे बायको. 'मौजे' हे खेड्याच्या आणि 'कसबे' हे बाजारपेठेच्या गावाच्या नावाआधी लागते. 'नाक' हा प्रत्यय लागलेली नावे महार समाजातील माणसांची असतात; कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची जी नावे कोरली आहेत त्यांतही तो दिसतो.

सनांचे कोडे त्याहून अधिक गोंधळात टाकणारे आहे, पण त्यालाही साधी किल्ली आहे. शके असेल तर ७८ मिळवावेत, आणि तिथी जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची असेल तर ७९. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, जो मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास, बदलतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्षाच्या उत्तरार्धासाठी, म्हणजे जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी, ६००. दक्षिणेतल्या फसली सनात असेच ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. सुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत आणि एकम आधी, हजार शेवटी असा क्रम ठेवीत. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२; त्यात ५९९ मिळवले की १७७१. कागदावरच्या तारखेआधी दिसणारे 'छ' हे अक्षर चंद्र या शब्दाचे आहे आणि त्याच्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख असते.

१८३६ मध्ये इंदापूरपासून इंग्रजांनी जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली, पुढे ती तालुक्यातालुक्यांतून पसरली, आणि तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरमोजणी झाली. या दोन मोजण्यांची पत्रके समोरासमोर ठेवणे हा घराण्याचा मुक्काम ठरवण्याचा उत्तम उपाय आहे. आपल्या घराचा राघू वाळव्यातल्या गावाच्या पहिल्या मोजणीत खातेदार म्हणून नसेल आणि दुसऱ्या मोजणीत दिसत असेल, तर तो त्या मधल्या काळात आला, असा अंदाज बांधता येतो. तो आधी कोणाच्या शेतावर राबत असेल आणि खाते त्याच्या नावावर नंतर झाले असेल, हीदेखील शक्यता राहते. परंतु पानिपतापासून येथे नांदत असलेले घर पहिल्या मोजणीत मुळीच दिसू नये, हे संभवत नाही.

ज्यांच्या घरी वतन किंवा इनाम होते त्यांचा मार्ग याहून सोपा आहे. इंग्रजी अंमल बसल्यावर प्रत्येक इनामाची चौकशी झाली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला तसे अधिकार मिळाले, आणि इनामदारांना सनदा दाखवून कैफियत व वंशावळ सादर करावी लागली. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले पेशवे दप्तर आणि त्याच्याशी जोडलेले हे इनामांचे कागद आहेत. कोल्हापूर, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासनाची पुराभिलेखागारे आहेत, आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात घराण्यांनी दिलेली दप्तरे जपलेली आहेत. जाताना गाव, परगणा, अदमासे साल आणि वतनाचा प्रकार एवढे लिहून न्यावे. 'आमच्या आडनावाचे काही आहे का' या प्रश्नाचा तेथे उपयोग होत नाही.

लिहून ठेवलेली कहाणी

या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट माझ्या मते करीना, म्हणजे घराण्याची लिहून घेतलेली हकीकत, आणि महजर, म्हणजे निवाडापत्र, या कागदांत आहे. पाटिलकीसारख्या वतनावर दोन भावकींचा दावा पडला की गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या आणि भावकीच्या न्यायसभेपुढे, दोन्ही पक्ष आपापली तकरीर, म्हणजे बाजू, सांगत: आमच्या मूळ पुरुषाने गाव वसवले, तो दुष्काळात परागंदा झाला, मागे मुतालिक, म्हणजे आपला प्रतिनिधी, ठेवला, त्याच्या वंशजांनी वतन बळकावले, आणि असेच पुढे. घराण्याची ही सांगितलेली हकीकत लेखनिक उतरवून घेई, साक्षीदारांच्या निशाण्या होत आणि निवाड्याचा महजर तयार होई. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या २२ खंडांत असे कागद भरपूर आहेत. ते वाचताना ध्यानात येते की आज आपण ज्याला शंभर नंबरी कागदोपत्री पुरावा म्हणतो, तो तीनशे वर्षांपूर्वी कोणा आजोबांनी सांगितलेली गोष्टच आहे, आणि सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ गुंतलेला आहे. बनावट महजर करणे हा तेव्हाही ठाऊक असलेला गुन्हा होता. म्हणून एका पक्षाच्या करीन्यावरून वंशावळ उभारू नये. विरुद्ध पक्षाची तकरीरही वाचावी, आणि जे दोघांनाही मान्य आहे ते आधी घ्यावे. आपसांत भांडणाऱ्या दोन भावकी ज्या मूळ पुरुषाचे नाव सारखेच सांगतात, तो पुरुष बहुधा खरा असतो.

राजघराण्यांनाही हे लागू आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. दगडावर कोरला म्हणून तो अधिक टिकला, परंतु त्यातल्या जुन्या पिढ्यांची माहितीही परंपरेनेच आलेली होती.

वंश सांगणे आणि लिहिणे हाच ज्यांचा व्यवसाय, अशांच्या वह्या या दोहोंच्या मधल्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे आलेला यजमान आपल्या वाडवडिलांची, भावांची, मुलांची नावे सांगून वहीत लेख देतो, आणि पुढच्या पिढीतला कोणी आला की त्याला तो जुना लेख दाखवला जातो. कोणत्या मुलखाचा किंवा कोणत्या समाजाचा यजमान कोणत्या उपाध्यायांकडे, हे ठरलेले असते. त्यामुळे तेथे गेल्यावर मूळ गाव सांगता आले पाहिजे, आजचे राहण्याचे शहर नव्हे. या नोंदींचे मोठेपण असे की यजमान तेथे कोणताही दावा जिंकायला गेलेला नसतो. तो गेलेल्यांना पाणी द्यायला गेलेला असतो आणि भावाभावांत वैर असले तरी त्याचे नाव गाळत नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी हे काम दारी येऊन करतात: बैलावर बसून येणारा हेळवी सुगीनंतर घराची वंशावळ म्हणून दाखवतो, नव्या जन्मांची भर घालतो आणि धान्य घेऊन जातो. आपल्या उदाहरणातील घरानेही गावात हेळवी येतो का, तो कोणत्या घराची वंशावळ सांगतो, हे आधी विचारून घ्यावे.

कागदात नसलेली माणसे

येथवर जे सांगितले त्यात एक अन्याय दडलेला आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्याच्याकडे वतन होते त्याचे तीनशे वर्षांचे कागद मिळतात, ज्याच्याकडे जमीन होती त्याचे दीडशे वर्षांचे, आणि ज्याच्याकडे दोन्ही नव्हते त्याचा उल्लेख शाळेत पहिले पाऊल पडेपर्यंत कुठे येतोच असे नाही. महार वतनाच्या नोंदी, पलटणीतली भरती, आणि साता समुद्रापलीकडे गेलेल्यांच्या याद्या ही त्यांतल्या त्यात मिळणारी साधने. मॉरिशसला १८३४ नंतर जे गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले गेले त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. त्यांची नोंद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली असून तीत माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, अंगावरची खूण, गाव आणि जहाज यांचा तपशील असतो. तिथल्या मराठी घरांची गत आपल्या उलट आहे. त्यांच्याकडे कागद शिल्लक आहे, पण गावाची कहाणी पुसट झाली आहे, आणि इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले गावाचे नाव ओळखायला त्यांना कोकणातल्या माणसाचीच मदत लागते.

बायकांच्या बाबतीत तर घर श्रीमंत असो की गरीब, कागद सारखाच कंजूष आहे. लग्नात नाव बदलते, आडनाव बदलते, आणि दप्तरात ती अमक्याची कोम एवढीच उरते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर वारसाच्या फेरफारांत मुलींची नावे येऊ लागली, पण त्याच्या पाठोपाठ येणारा फेरफार पुष्कळदा तिच्या हक्कसोडपत्राचा असतो. म्हणजे जमिनीच्या कागदात मुलगी दिसते ती हक्क सोडण्यापुरती. तिच्या माहेरचे गाव, तिचे मूळ नाव, ती किती बहिणींतली कितवी, हे सारे सांगण्यातच शिल्लक आहे. जात्यावरच्या ओव्यांत बाई माहेरच्या वाटेचे, भावाचे आणि भाच्यांचे नाव घेऊन गाते, ते उगीच नव्हे. एखाद्या आजीच्या ओठी अजून ओव्या असतील तर त्या घराण्याच्या शोधातील साधन समजून तारखेसह लिहून घ्याव्यात.

आता उदाहरणाकडे परत येऊ. फेरफारावरून बाबाजी बिन राघू १९३१ मध्ये सत्तरीच्या आसपास वारला असे दिसले, तर त्याचा जन्म १८६० च्या सुमाराचा आणि राघूचा १८३५ च्या आसपासचा ठरतो. पहिल्या मोजणीत राघूचे खाते नाही, दुसऱ्या मोजणीत आहे. या दोन्हींच्या मध्ये १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येतो, आणि दुष्काळी माणमधून पाण्याच्या आशेने कृष्णाकाठी उतरलेला, पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन आलेला चाळिशीचा राघू या चौकटीत नेमका बसतो. म्हणजे आजीने गाव बरोबर सांगितले, देव बरोबर सांगितला, नाव बरोबर सांगितले, आणि साल मात्र शंभराहून अधिक वर्षांनी मागे नेले. तिला खोटे ठरवण्याचे कारण नाही. टाकावरचा घोडेस्वार हा राघूच्या आधीच्या कोणाची आठवण असू शकतो, आणि 'पानिपत' हा शब्द त्याच्या गोष्टीतून राघूच्या गोष्टीत उतरला असेल. ते पाहायचे तर वाळव्याचा कागद संपला. आता म्हसवडच्या आसपासच्या गावांची जुनी पत्रके, तिथली त्याच देवकाची भावकी आणि नाशिकच्या उपाध्यायांची वही, असा शोधाचा दुसरा टप्पा सुरू होतो.

या सगळ्याची टिपणे ठेवताना प्रत्येक नावासमोर ते कोणी सांगितले, कधी सांगितले, किंवा कोणत्या फेरफारात, कोणत्या पानावर मिळाले, हे लिहावे. दोन माहित्या जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात आणि जे माहीत नाही तिथे जागा कोरी ठेवावी. सोय म्हणून एखादी पिढी अंदाजाने भरली की पुढच्या वाचणाऱ्याला ती खरीच वाटते, आणि छापलेल्या कुलवृत्तांतांतही असे भरलेले सांधे सापडतात. कागद कुठे जाणार नाहीत. निदान बहुतेक जाणार नाहीत. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला मात्र आधी भेटावे आणि तिला पहिला प्रश्न सासरच्या वंशावळीचा न विचारता, तिचे लग्नापूर्वीचे नाव काय होते आणि तिच्या आईचे माहेर कुठले, हा विचारावा.